परत देवाला

तेजस्विनीचं पत्र आलं तेव्हा ईस्टर नुकताच होऊन गेला होता. आता पुढचा ईस्टर तोंडावर आला, तरी सुमंत भालेरावांनी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. पत्र हरवलं होतं असंही नाही. ते त्यांच्या टेबलावर, चष्म्याच्या घराखाली, रोज नजरेस पडेल असं ठेवलेलं होतं. रोज सकाळी ते चष्मा उचलायचे, पत्राकडे बघायचे, "आज लिहायलाच हवं" असं स्वतःला बजावायचे आणि चष्म्याचं घर पुन्हा त्यावर ठेवून द्यायचे.

पत्र तसं साधंच होतं. तेजस्विनी दिंडोरीजवळच्या एका गावात शाळेत शिकवायची. तिनं लिहिलं होतं, "आमच्या चर्चच्या लहानशा मंडळीतले आम्ही काही जण दर गुरुवारी संध्याकाळी एकत्र बसून वाचतो. विश्वास ठेवणाऱ्यानं विचार करू नये, असं आम्हाला वाटत नाही. पण जी पुस्तकं हाताला लागतात, त्यांत प्रश्न सुरू व्हायच्या आधीच उत्तर आलेलं असतं. तुम्ही मासिकात पुस्तकांवर लिहायचात, ते माझे वडील कापून ठेवत. विचार करणाऱ्या ख्रिस्ती माणसानं वाचावं असं एकच पुस्तक सांगा. यादी नको. आणि कृपया तुम्ही स्वतः वाचलेलं, तुम्हाला आवडलेलं सांगा."

'यादी नको' इथेच घोडं पेंड खात होतं. यादी असती तर भालेरावांनी ती आठवड्यात धाडली असती. यादीत माणसाला लपता येतं. पाचातलं एक नाही आवडलं तर बाकीची चार आहेतच. एकाच पुस्तकाचं नाव सांगायचं म्हणजे भर चौकात उभं राहून "हा मी" असं ओरडायचं. आणि ओरडणं तर सोडाच, भालेरावांना रिक्षा थांबवायलाही संकोच वाटायचा. रिक्षावाल्याला थांबायचं नसेल तर, असा विचार त्यांच्या मनात यायचा.

याला त्यांची नोकरीही थोडी जबाबदार होती. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये त्यांनी उभा जन्म छापील कागद तपासण्यात घालवला. शाई कुठे फिकी उमटली, रेघ कुठे तुटली, कडा कुठे सरकली, हे शोधायचं आणि कागद बाजूला काढायचा. चांगल्या कागदाबद्दल काही बोलायची तिथे पद्धत नव्हती. चांगला कागद मुकाट पुढे जायचा. निवृत्त झाल्यावरही नजर तीच राहिली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पोळी उजेडाकडे धरून "या बाजूला जरा जाड आहे" असं म्हटलं, तेव्हा मालिनीबाई म्हणाल्या, "मग करा रद्द. आणि नवी छापून घ्या."

मंडळीच्या मासिकातल्या त्यांच्या सदराचीही तीच गत होती. "पुस्तक वाचनीय आहे, तथापि" असं एक वाक्य झालं, की पुढची दीड पानं त्या 'तथापि'ची असत. लोक त्यांना पाठीमागे 'तथापि भालेराव' म्हणायचे. हे त्यांना माहीत होतं आणि नाव योग्यच आहे असं त्यांचंही मत होतं.

तेजस्विनीला उत्तर लिहायला ते बसले नव्हते असं नाही. "तुमचे पत्र मिळाले, आनंद झाला, तथापि" इथवर ते बऱ्याचदा पोचले होते.

"अहो, त्या पोरीनं एक पुस्तक विचारलंय," मालिनीबाई म्हणायच्या. "एव्हाना तिनं स्वतःच एखादं लिहून काढलं असेल."

"चुकीचं पुस्तक सांगितलं तर?"

"तर ती मिटून ठेवेल. पुस्तक आहे ते, विंचू नाही."

फेब्रुवारीत, एका सकाळी, पाळकसाहेब घरी आले. रेव्हरंड समाधान शेलार वयानं तरुण, अंगानं भरलेले आणि स्वभावानं इतके आनंदी होते, की अंत्यविधीच्या वेळी चेहरा गंभीर ठेवताना त्यांना घाम फुटायचा. भालेराव मंडळीच्या पुस्तकांच्या कपाटाची देखभाल करायचे, म्हणजे कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असायची. ती मागायला आजवर कुणी आलं नव्हतं.

"काका, आनंदाची बातमी," पाळकसाहेब चहाचा कप घेत म्हणाले. "आपल्याला नवीन साउंड सिस्टिम मिळतेय."

"वा," भालेराव म्हणाले.

"आणि ती ठेवायला कपाट लागणार."

"वा," भालेराव पुन्हा म्हणाले.

"पुस्तकांचं काय, असं तुम्ही विचाराल."

भालेरावांनी विचारलं नव्हतं. ते विचारण्याच्या तयारीत होते.

"तर कमिटीनं ठरवलंय, हंगामाच्या सणाला लिलावात काढायची. कांदा देवाचा, कोंबडा देवाचा, तशी पुस्तकंही देवाचीच की! तुम्ही फक्त गठ्ठे बांधून द्या. आणि जमलं तर प्रत्येक गठ्ठ्यावर दोन शब्द बोला."

"बोलायला लावू नका हो त्यांना," मालिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "कोंबडाही विकला जायचा नाही."

भालेरावांनी दोन दिवस बसून गठ्ठे बांधले. कपाटात काय नव्हतं! परदेशी विद्वानांची जाडजूड भाष्यं होती. त्यांचं मराठी असं होतं, की वाक्य डोक्यावर उभं राहून वाचावं लागे. जगाचा अंत कधी होणार हे तारखेसकट सांगणाऱ्या पुस्तिका होत्या, त्यातल्या सगळ्या तारखा सुखरूप उलटून गेल्या होत्या. आयुष्यात एकदाही न हसलेल्या थोर माणसांची चरित्रं होती. प्रवचनं तर इतकी होती, की ती सगळी ऐकलेल्या माणसांबद्दल भालेरावांना मनापासून वाईट वाटलं.

आणि अगदी तळाशी, फळीला चिकटून, 'विहिरीकाठचे भांडण' होतं.

पुस्तक तळहाताएवढं. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं, छापखानाही केव्हाच बंद पडलेला. एका गावातला शाळामास्तर. त्याची मुलगी तापानं जाते. त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी विहिरीवर जाऊन बसतो आणि देवाशी भांडतो, एवढीच गोष्ट. भालेरावांनी ते तरुणपणी पहिल्यांदा वाचलं, आणि नंतर ते दर वर्षी उपासकाळात, ईस्टरच्या आधी, कपाटातून काढून घरी न्यायचे, वाचायचे आणि परत आणून ठेवायचे. त्याच्याबद्दल त्यांनी सदरात कधी एक ओळ लिहिली नव्हती. बाकीच्या पुस्तकांचे दोष सांगायला त्यांना काही वाटत नसे. याचे दोष कुणी त्यांना सांगितले असते, तर मात्र ते त्यांना सोसले नसते.

या वर्षी ते घरी ठेवून घ्यावं असं त्यांच्या मनात आलं. लगेच दुसरं मन म्हणालं, मंडळीची वस्तू आहे, किल्ली हातात असली म्हणून काय झालं? त्यांनी ते प्रवचनांच्या गठ्ठ्यावर ठेवून सुतळी आवळली आणि आपण प्रामाणिक आहोत याचं त्यांना दिवसभर दुःख झालं.

सणाच्या दिवशी उपासना झाली आणि सगळी मंडळी आवारातल्या मांडवात जमली. एका बाजूला पुरुषांच्या खुर्च्या, दुसऱ्या बाजूला बायकांच्या, आणि मधल्या टेबलांवर देवाला आलेला माल. भोपळ्यांचा ढीग एवढा उंच रचला होता, की इकडच्यांना तिकडचं काही दिसत नव्हतं. कांद्याच्या गोण्या, फ्लॉवर, अंडी, पाय बांधलेला एक रागीट कोंबडा, आणि टोकाला भालेरावांचे गठ्ठे.

लिलावाला जयरामअण्णा उभे होते. लासलगावच्या कांदा मार्केटात लिलाव पुकारून पुकारून त्यांचा गळा असा तयार झाला होता, की साउंड सिस्टिमची गरज कमिटीला नेमकी कशासाठी पडली, हे कोडंच होतं.

या लिलावाची एक रीत होती. घेणाऱ्यानं वस्तू घरी न्यायची नाही. बोली जिंकायची, पैसे टोपलीत टाकायचे, वस्तू डोक्याच्या वर धरायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "परत देवाला!" मग टाळ्या. मग तीच वस्तू पुन्हा लिलावात. शेवटी कुणीतरी गरजू ती नेई, किंवा पाळकसाहेबांच्या घरी आठवडाभर भोपळ्याची भाजी होई. एकेक अंडं इतक्यांदा परत येई, की फुटायच्या आधी त्याला सगळी मंडळी ओळखू लागे.

भालेराव नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत बसले होते. शेजारच्या खुर्चीत येऊन एक रापलेला, मिशाळ माणूस बसला. त्यानं टेबलावर द्राक्षांचं क्रेट ठेवताना पाळकसाहेबांना मोठ्यानं सांगितलं होतं, "खायाची हायेत साहेब, वाइनची नायत, निर्धास्त ऱ्हावा!"

"सलाम काका," तो म्हणाला. "मी नाथा. दिंडोरीकडचा. तुमी भालेरावकाका ना? पुस्तकवाले?"

"हो. म्हणजे, तसं—"

"आमच्या तेजूताईनं इचारलंय. तिचं पत्र मिळालं का म्हने."

भालेरावांनी टेबलाकडे बघत सांगितलं, "मिळालं."

"मंग? काय उत्तर धाडलं?"

"अजून... विचार चालू आहे."

नाथानं त्यांच्याकडे आदरानं पाहिलं. "लय खोल इचार दिसतोय. वरीस होत आलं. न्हाई, तेजूताईचं काय हाय, येत्या गुरुवारी गटात शेवटचं ठरनार. नवं पुस्तक आलं तर ठीक, न्हाई तर गट बंद आन् त्या टायमाला गान्याची प्रॅक्टिस. आमचे वडीलधारे म्हनत्यात, वाचून वाचून पोरं प्रश्न इचारत्यात, गान्यात तसलं काय नसतंय. मला तर बया गाताच येत नाय. मला गट पायजे."

"तुम्ही गटात आहात?"

"मंग! मला वाचायला येळ लागतो, पन भांडायला मी पयला."

तेवढ्यात जयरामअण्णांनी पहिला गठ्ठा उचलला. भालेराव पुढे सरकून बसले. जयरामअण्णांनी गठ्ठा हातात तोलून पाहिला, वास घेतला, सुतळी ओढून बघितली.

"बघा मंडळी, माल बघा! कोरडा खडखडीत, कोंब आलेला नाही, पावसाळाभर टिकणार! बोला!"

बांधकामाची कंत्राटं घेणाऱ्या राज साळव्यांनी हात वर केला. मागून कुणीतरी वाढवलं. साळव्यांनी पुन्हा वाढवलं. गठ्ठा साळव्यांना गेला. "परत देवाला!" साळवे गरजले. टाळ्या. गठ्ठा पुन्हा उभा राहिला, पुन्हा गेला, पुन्हा परत आला. भाष्यांनी अंड्याला मागे टाकलं. जगाच्या अंताच्या पुस्तिकांनी कोंबड्याला गाठलं. भालेरावांचे डोळे पाणावले.

"नाथाभाऊ," ते हळूच म्हणाले, "मला वाटलं नव्हतं हो. आपल्या लोकांना वाचनाची एवढी ओढ असेल."

नाथानं मिशीवरून हात फिरवला. बोलू की नको असं त्याला झालं असावं. "काका, रागावू नगा. अंडं परत देत्यात, कारन पुन्य लागतं. पुस्तक परत देत्यात, कारन घरी न्यावं लागंल."

भालेरावांनी मांडवाकडे नव्यानं पाहिलं. खरंच की. गठ्ठा हातात आला की माणसाचा चेहरा पडायचा आणि "परत देवाला" म्हणताच उजळायचा.

"आणि हा सुटा माल!" जयरामअण्णा ओरडले. प्रवचनांच्या गठ्ठ्यातून काहीतरी निसटून खाली पडलं होतं. त्यांनी ते चिमटीत धरून उंच केलं. "लहान आहे, पण घट्ट! बोला!"

ते 'विहिरीकाठचे भांडण' होतं.

आणि भालेरावांना, खुर्चीत बसल्या बसल्या, अगदी लख्ख कळलं की वर्षभर अडलेलं उत्तर जयरामअण्णांच्या चिमटीत आहे. त्यांनी एकच पुस्तक वाचलं होतं. म्हणजे वाचली शेकड्यांनी होती, पण तेजस्विनीनं विचारलं होतं तसं वाचलेलं हे एकच. जगात त्याची दुसरी प्रत असेल असं त्यांना वाटत नव्हतं. आणि ती आता साउंड सिस्टिमच्या नावानं चालली होती.

त्यांनी बोट वर केलं. बोट कानापर्यंत पोचलं आणि तिथे थांबलं.

"कान खाजतोय का काका?" नाथा म्हणाला.

"नाही, मी बोली लावतोय."

"अशी?"

तोवर पुस्तक साळव्यांना गेलं होतं. त्यांनी ते मुठीत घेऊन हात उंच केला. मुठीतून पुस्तक दिसतही नव्हतं. "परत देवाला!"

या रीतीबद्दल भालेरावांनी आजवर मनात बरीच 'तथापि' साठवली होती. आज ती रीत त्यांना देवानंच घालून दिलेली वाटली. पुस्तक परत टेबलावर आलं होतं.

"काका, तुमी नुस्तं मला कोपर मारा," नाथा म्हणाला. "वरडायचं काम माझं. मी रोज ट्रॅक्टरवर वरडतो."

भालेरावांनी कोपर मारलं. "वाढवा!" नाथा असा ओरडला, की कोंबडा दचकला.

भोपळ्यांच्या पलीकडून तितकाच दणदणीत आवाज आला. "आमच्याकडून वाढवा!" त्या सिंधुबाई होत्या, गायनमंडळातल्या. त्यांचा सूर लागला की खिडक्यांची तावदानं हलत.

कोपर. "वाढवा!"

"आमच्याकडून आणखी!"

मांडवात चैतन्य पसरलं. लोक खुर्च्या वळवून बसले. जयरामअण्णांच्या अंगात मार्केट संचारलं. "दिंडोरी चढतेय! बायका ऐकत नाहीत! एवढ्याशा पुस्तकाला एवढा भाव, आत काय सोनं आहे का काय? बोला दिंडोरी!"

भालेरावांनी खिसा चाचपला. खिशाचा तळ आता बोटांना लागत होता. ही कोण बाई आहे, हिला हे पुस्तक कशाला हवंय, असा त्यांना संताप आला. असा संताप त्यांना वर्षानुवर्षं आला नव्हता. पण कोपर काही हललं नाही.

"एक वार! दोन वार! तीन वार! बायकांकडे गेलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सिंधुबाईंनी शेजारणीला दंडाला धरून उभं केलं. भोपळ्यांच्या ढिगावरून एक डोकं वर आलं, आणि भालेरावांनी पाहिलं, तर त्या मालिनीबाई होत्या.

मालिनीबाईंनी पुस्तक छातीशी धरलं होतं. आज सकाळी नवऱ्यानं चहा अर्धा टाकला होता, तो कशामुळे, हे त्यांना ठाऊक होतं. भाजीच्या पैशांतून, सिंधुबाईंचा आवाज उसना घेऊन, हे पुस्तक सोडवून त्याच्यापुढे टाकायचं, असं ठरवूनच त्या आल्या होत्या. पण सगळी मंडळी त्यांच्याकडे बघत होती. जयरामअण्णांनी हात उंचावून खूण केली. लहानपणापासून सगळे सण याच मांडवात काढलेल्या मालिनीबाईंच्या हातांनी आपोआप पुस्तक डोक्यावर धरलं, आणि तोंडातून निघून गेलं,

"परत देवाला!"

टाळ्या. मालिनीबाईंनी दोन्ही हात तोंडावर दाबले, पण पुस्तक तोवर टेबलावर गेलं होतं.

"अगं बाई," त्या सिंधुबाईंना म्हणाल्या, "हे काय बोलले मी!"

"बरोबरच बोललीस की. असंच बोलतात."

भालेरावांनी नाथाकडे पाहिलं. नाथानं त्यांच्याकडे पाहिलं.

"ती माझी बायको आहे," भालेराव म्हणाले.

"म्हंजी तुमी घरच्या घरात भाव चढवत व्हता?" नाथा म्हणाला. "काका, लासलगावात याला येगळं नाव हाय."

जयरामअण्णांनी पुस्तक तिसऱ्यांदा उचललं. साळव्यांचा हात वर जायला लागला होता. बोट चाललं नव्हतं, कोपर चाललं नव्हतं. आपण काय करतोय हे कळायच्या आत भालेराव उभे राहिले.

"शाब्बास!" पाळकसाहेब माइकवरून म्हणाले. "भालेरावकाका पुस्तकाबद्दल दोन शब्द सांगतायत!"

भालेरावांना बोली लावायची होती. पण मांडव शांत झाला, तोंडापुढे माइक आला, आणि त्यांचं तोंड जे एकच काम जाणत होतं, ते त्यानं सुरू केलं.

"पुस्तक वाचनीय आहे," ते म्हणाले. "तथापि, छपाई फिकी आहे. तिसरं प्रकरण लांबलंय. मास्तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलतो. मधे एक पान उलटं शिवलंय, ते वाचताना पुस्तक फिरवावं लागतं. लेखक देवाला जे बोलतो, त्यातलं काही मला अजूनही मोठ्यानं वाचवत नाही. आणि शेवटी उत्तर मिळत नाही. मी शोधलं, नाही मिळत."

साळव्यांचा हात खाली आला. डागी माल कोण उचलणार? जयरामअण्णा हवालदिल झाले.

"काका, तुम्ही विकताय का पाडताय?" ते म्हणाले. "आता याला कोण घेणार?"

"मी," भालेराव म्हणाले.

हशा पिकला. साळवे ओरडले, "एवढे दोष असून?"

"दर वर्षी वाचतो मी," भालेराव म्हणाले. माइक तोंडाशीच होता आणि आता बसताही येत नव्हतं. "दोष मला पाठ आहेत. तो मास्तर रोज संध्याकाळी विहिरीवर जातो, भांडतो, उत्तर न घेता घरी येतो. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. समोर कुणी नाहीच असं वाटत असतं, तर माणूस रोज भांडायला गेला नसता. मी तरुणपणी हे वाचलं तेव्हा मला वाटलं, असं विचारलेलं चालतं. तोवर मला वाटायचं, मनात प्रश्न येतात म्हणजे मीच कुठेतरी चुकीचा छापला गेलोय."

कुणी हसलं नाही. सिंधुबाईंनी नाक ओढलं, तेही सुरात.

"एक वार, दोन वार, तीन वार," जयरामअण्णा हळू आवाजात म्हणाले. हळू बोलता येतं हे त्यांनाही नवीन असावं. "भालेरावांना."

भालेराव टेबलापाशी गेले, खिशात होतं नव्हतं ते टोपलीत टाकलं आणि पुस्तक हातात घेतलं. सगळे टाळ्यांसाठी हात उचलून थांबले.

"परत...?" जयरामअण्णांनी आठवण केली.

"नाही," भालेराव म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"परत नाही. घरी नेणार."

असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. कमिटीतल्या एकानं दुसऱ्याकडे पाहिलं. "मग देवाचं काय?" कुणीतरी मागून विचारलं.

"देवाकडे ते इतकी वर्षं कपाटात होतं," भालेराव म्हणाले. "किल्ली माझ्याकडे होती." आणि आपण फार बोललो असं वाटून ते लगबगीनं खाली बसले. पाळकसाहेबांनी प्रसंग ओळखून कोंबडा पुढे आणला.

"आमच्याकडं धाडायचं ना हे?" नाथा कानाशी लागला. "द्या की मंग. मीच नेतो."

"उत्तर लिहायला हवं सोबत."

"लिवा. मी टेम्पो चालू ठेवतो."

"असं उभ्या उभ्या लिहिता येत नाही हो."

"काका, एक वरीस बसून बी आलं नाय," नाथा म्हणाला आणि उठला. "मला फवारनीला जायचंय. टपालानं धाडा. पन गुरुवारच्या आत पोचलं पायजे. मला गायाला लावू नगा."

घरी आल्यावर नवराबायको बराच वेळ एकमेकांकडे बघत नव्हती. शेवटी मालिनीबाईच म्हणाल्या, "कोपरानं बोली लावतात का कुणी?"

"आणि जिंकून परत देतात का कुणी?"

"सवय हो. तुम्ही नाही का, चांगलं म्हणायला गेलात आणि उलट्या पानावर पोचलात."

भालेराव कागद घेऊन बसले. 'तुमचे पत्र मिळाले, आनंद झाला' लिहून झालं. पेन थांबलं. मालिनीबाई समोर वाटाणे सोलत बसल्या होत्या.

"मी काय म्हणतो, आधी एकदा वाचून घेतो. वर्षभरात माझं मत बदललं असलं तर?"

"दर वर्षी वाचताय. मत बदलायला काही उरलंय का त्यात?" त्यांनी वाटाण्याची शेंग त्यांच्याकडे रोखली. "त्या मास्तराला देव उत्तर देत नाही म्हणून दर ईस्टरला तुमचा रुमाल ओला. आणि ती मास्तरीणबाई वर्षभर तुमच्या विहिरीवर बसलीय, तिचं काय?"

भालेरावांनी कागद जवळ ओढला. त्यांनी लिहायला सुरुवात केली.

"प्रिय तेजस्विनी, तुमचे पत्र मिळाले, आनंद झाला. उत्तराला उशीर झाला, कारण मी घाबरलो होतो. सोबत एक पुस्तक पाठवत आहे. मी ते पुष्कळदा वाचले आहे आणि मला ते फार आवडते. त्यात दोष आहेत. ते तुम्हाला आपोआप सापडतील, मी सांगत नाही. गटात कुणी या पुस्तकाशी भांडले तर भांडू द्यावे. नाथाभाऊंना आधी बोलू द्यावे. वाचून कुणाला राग आला, तर मला कळवावे. आवडले, तरी कळवावे. आपला, सुमंत भालेराव."

त्यांनी ते वाचलं. 'मला ते फार आवडते' यानंतर काहीतरी घालावं असं वाटून पेन पुढे गेलं. मालिनीबाईंनी कागद खालून ओढून घेतला, घडी केली आणि पुस्तकात ठेवून पुस्तक खाकी कागदात गुंडाळायला घेतलं.

"पान उलटं आहे ते तरी—"

"सापडेल तिला."

सोमवारी सकाळी दोघं गंगापूर रोडच्या पोस्टात गेली. रांगेत भालेराव पुडकं दोन्ही हातांनी धरून उभे होते. नंबर आला तेव्हा मागच्या माणसाला ते म्हणाले, "तुम्हाला घाई असेल तर तुम्ही आधी." मागचा माणूस पुढे व्हायला लागला, पण मालिनीबाई मधे उभ्या राहिल्या.

"स्पीड पोस्ट?" खिडकीतल्या मुलीनं विचारलं.

"हो. गुरुवारच्या आत पोचेल ना? दिंडोरीकडे."

"पोचेल काका, इथलं इथे तर आहे. आत काय?"

"पुस्तक."

"चांगलं आहे?" तिनं सहज विचारलं, वजन बघता बघता.

भालेरावांनी तोंड उघडलं. मालिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"फार चांगलं आहे," ते म्हणाले.

मुलीनं पुडक्यावर चिठ्ठी चिकटवली, शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं. भालेराव खिडकीशी तसेच उभे राहिले, पोत्याकडे बघत.

"काका," मुलगी म्हणाली, "झालं तुमचं. पुढे चला."

आणि ते पुढे चालू लागले.